जाड पानांची झाडं आणि आपला पाऊस

मे महिना सरत आलाय. आंबे उतरवून झालेत, पापड-कुरडया डब्यात गेल्यात, आणि घरोघरी सरपण आत घ्यायची, पडवीला झाप बांधायची घाई चाललीय. अशा घाईत कुंडीतल्या झाडांबद्दल काय बोलायचं, असं कुणाला वाटेल. पण हाच तर त्यांचा खरा वेळ आहे. पुढच्या पंधरा दिवसांत आपण त्या कुंड्या कुठं ठेवतो, यावर ती दिवाळीला असतील की नाही हे ठरणार आहे.

विषय आहे सक्युलंट झाडांचा. बाजारात, प्रदर्शनात, आता तर रस्त्याकडेच्या नर्सरीतही मिळतात ती – मूठभर उंचीची, जाडजूड पानांची, कुणाचं पान गुलाबाच्या फुलासारखं रचलेलं, कुणाचं वाघाच्या पंजासारखं. बचत गटांच्या बैठकांतून एकच विचारणा येते आहे, की गटानं यांचा धंदा करावा का. विचारण्याचं कारणही आहे. गणपतीपुळ्याला किंवा किल्ल्यांवर येणारे पर्यटक छोटी वस्तू शोधत असतात. जागा कमी लागते, रोज पाणी घालावं लागत नाही, करवंटीत लावलं तरी देखणं दिसतं.

पण याची दुसरी बाजूही सांगते. एका गटानं मार्चमध्ये घाटावरच्या नर्सरीतून शंभरेक रोपं आणली. पैसे गटाच्या अंतर्गत कर्जातले. एप्रिल-मेमध्ये निम्मी विकली गेली, सगळ्याजणी खूश. उरलेली रोपं खळ्यात होती. मृग लागला, पाऊस आला, म्हणजे आता पाणी घालायचेही कष्ट नाहीत, असं सगळ्यांना वाटलं. नागपंचमीपर्यंत एकही रोप हिरवं उरलं नव्हतं. बोट लावलं की पानं गळायची, आतून पाण्यासारखी झालेली. कर्जाचा हप्ता मात्र तसाच चालू राहिला. त्या बायकांनी काही आळस केला नव्हता. आपल्या आईनं, आजीनं जे शिकवलं तेच केलं होतं. कोकणात लावायचं ते पावसात लावायचं. आंब्याचं कलम असो, पायरीजवळची जास्वंद असो, परसातला भोपळा असो, मृगाच्या सरी पडल्या की काडी खोचायची, लागते. या झाडांचं गणित मात्र नेमकं उलटं आहे, आणि ते का उलटं आहे हे एकदा समजलं की बाकीचं सगळं सोपं होतं.

सक्युलंट हा शब्द नवा असला तरी झाडं आपल्याला नवी नाहीत. घोळीची भाजी आपण खातो, तिची पानं-देठं रसाळ असतात. परसातली कोरफड, दगडाच्या गडग्यावर उगवणारी पानफुटी, कुंपणाचा शेर, घायपात – ही सगळी त्याच स्वभावाची. जिथं पाऊस थोडा, तिथं झाडानं पानातच किंवा खोडातच पाण्याची टाकी बांधली, एवढाच त्याचा अर्थ. बाजारातली बरीचशी छोटी रोपं मूळची दक्षिण आफ्रिकेतली नाहीतर मेक्सिकोतली. दक्षिण आफ्रिकेच्या ज्या कोरड्या मुलखातून हॉवर्थिया, जेड यांसारखी झाडं आली, तिथल्या बऱ्याच भागात वर्षभरात अडीचशे-तीनशे मिलिमीटर पाऊस पडला तर पुष्कळ. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. त्यांच्या गावचा वर्षभराचा पाऊस आपल्याकडे जुलैच्या एका झडीत दोन-तीन दिवसांत पडून जातो.

आणखी एक गंमत आहे. बाकीची झाडं दिवसा पानांची बारीक छिद्रं उघडून हवा घेतात. ही मंडळी दिवसा छिद्रं मिटून बसतात, कारण उन्हात उघडली तर साठवलेलं पाणी उडून जाईल. रात्री गार झालं की उघडतात, हवा आत घेऊन आंबट रसाच्या रूपात साठवतात, आणि दिवसा उजेडात त्याच रसावर आपलं अन्न शिजवतात. हे पहिल्यांदा ज्यांच्या लक्षात आलं त्यांपैकी एक होते बेंजामिन हेन, दक्षिण भारतात काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ. १८१३ साली त्यांनी एका पत्रात लिहून कळवलं, की पानफुटीचं पान सकाळी चांगलंच आंबट लागतं आणि दुपारपर्यंत बेचव होतं. आपल्या गडग्यावरची तीच पानफुटी! (चाखून बघायला जाऊ नका, का ते पुढं सांगते.)

याचा आपल्याशी संबंध असा, की हे झाड पाणी पितं फार सावकाश. जास्वंदीच्या कुंडीत तांब्याभर पाणी घातलं तर उन्हाळ्यात ती दोन दिवसांत फस्त करते. सक्युलंटच्या कुंडीत तेवढंच घातलं तर माती आठवडाभर ओली. त्यात जुलैचं मळभ, दमट हवा, ऊन नाही, मग माती वाळतच नाही. मुळांनाही श्वास लागतो. ओल्या, चिकट मातीत हवा शिरत नाही, मुळं गुदमरतात आणि तिथं बुरशी शिरते. आपल्याकडे ही झाडं तहानेनं फारशी मरत नाहीत, पाण्यानं मरतात.

मग सह्याद्रीत अशी झाडं होतच नाहीत का? होतात की. जुन्नर, शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड या भागांत एक छोटंसं झाड आहे, शिंदळ माकुडी म्हणतात, अलीकडे त्याला शिवसुमन असंही सुंदर नाव मिळालंय. खोड मांसल, पावसाळ्यात पानं येतात, पावसाळा संपताना तांबड्या चांदणीसारखं फूल, आणि कोरड्या दिवसांत पानं टाकून नुसतं खोड तग धरून राहतं. एकोणिसाव्या शतकात डालझेल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याची नोंद केली आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव त्याला दिलं, म्हणून शास्त्रात ते फ्रेरिया. हे झाड उभ्या कड्याच्या कपारीत वाढतं. पाऊस पडतो, पण पडलेलं पाणी क्षणभरही थांबत नाही, खाली निघून जातं, आणि वारा सतत असतो. आपल्याला कुंडीत तीच कपार तयार करायची आहे. कड्यावरचं झाड मात्र कुणी काढून आणू नका. ते महाराष्ट्राबाहेर रानात आढळत नाही, आणि धोक्यात आलेल्या झाडांत त्याची गणना होते.

आता कपार कशी करायची ते बघू. आपली लाल माती भाताला, काजूला चांगली, पण कुंडीत ती पावसाळ्यात लोण्यासारखी होते आणि उन्हाळ्यात विटेसारखी. म्हणून मातीचा वाटा कमी ठेवायचा. एक घमेलं माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत, आणि दोन घमेली जाड कणी. कणी कशाची? आपल्याकडे जांभ्या चिऱ्याचे तुकडे कुठंही मिळतात. घराचं काम चाललेलं असेल तिथून मागून आणा, हातोडीनं फोडा, आणि तुरीच्या डाळीपासून हरभऱ्याएवढी कणी निघेल अशी चाळा. चाळणीखाली पडलेली भुकटी टाकून द्यायची, तिनं छिद्रं बुजतात. वरची कणी एकदा धुऊन घ्या. जांभा सच्छिद्र असल्यामुळे थोडी ओल स्वतःत धरतो आणि भोवती हवा खेळू देतो. पैसे देऊन विकत घ्यायच्या खड्यांपेक्षा मला तोच जास्त आवडतो. भात गिरणीतलं तूस जाळून केलेली काळी राख असेल तर तीही मूठ-दोन मूठ घालता येते.

समुद्राची पुळण मात्र घालू नका. हे मुद्दाम सांगते, कारण किनाऱ्यावरच्या गावांत वाळू म्हटलं की हात तिकडेच जातो. त्या वाळूत मीठ असतं, आणि खाडीच्या वाळूतही असतं. पानांच्या कडा करपतात आणि कारण कळत नाही. वाळू वापरायचीच तर गोड्या पाण्याच्या नदीतली, जाड.

नर्सरीतून आणलेलं रोप बहुतेक वेळा नारळाच्या काथ्याच्या भुशात असतं, कोकोपीट म्हणतात त्यात. नर्सरीवाल्याला ते हलकं पडतं, म्हणून तो वापरतो. आपल्या दमट हवेत ते कायम ओलं राहतं, आणि उन्हात एकदा पूर्ण वाळलं की पाणी वरून घसरून जातं, आत शिरतच नाही. रोप आणल्यावर चार-आठ दिवस सावलीत तसंच राहू द्या, मग पिशवी कापून मुळांभोवतीचा भुसा बोटांनी अलगद मोकळा करा आणि आपल्या मातीत लावा. लावल्या लावल्या पाणी घालायचं नाही. दुखावलेली मुळं सुकायला चार दिवस द्यायचे आणि मग घालायचं. इथं बहुतेकींचा हात थांबत नाही. रोप लावलं आणि पाणी नाही घातलं, हे आपल्याला पापासारखं वाटतं!

कुंडी मातीची, भाजलेली, रंग न लावलेली सर्वांत बरी, कारण तिच्या अंगातूनही पाणी उडतं. तळाला भोक हवंच. काचेच्या बरण्यांत, कपांत लावलेली रोपं फोटोत छान दिसतात, घरात दोन महिने टिकतात. कुंडी रोपापेक्षा बोटभर रुंद असली की पुरे. मोठ्या कुंडीत माती जास्त, म्हणजे ओल जास्त. करवंटी वापरायची असेल तर नारळाचे तीन डोळे ज्या अर्ध्यात असतात ती वाटी घ्या. त्यातला एक डोळा मऊ असतो, कोंब तिथूनच येतो. खिळ्यानं तो मोकळा केला की पाण्याला वाट झाली. त्या शेजारी आणखी एक-दोन भोकं तापलेल्या सळईनं पाडून घ्या, म्हणजे एक बुजलं तरी चालेल. करवंटी दोनेक वर्षांत कुजते, हे गिऱ्हाइकाला आधी सांगितलेलं बरं.

पाणी किती दिवसांनी, असं सगळ्याजणी विचारतात. वार ठरवून पाणी घालू नका. उदबत्तीची उरलेली काडी कुंडीत तळापर्यंत खुपसा, घटकाभर ठेवा आणि काढून बघा. काडी ओलसर आली, माती चिकटली, तर थांबा. कोरडी ठाक आली तर भरपूर घाला, तळातून वाहून जाईपर्यंत. रोज चमचाभर घालणं सर्वांत वाईट, त्यानं वरची माती ओली आणि खालची मुळं उपाशी राहतात. अंदाजच हवा असेल तर, एप्रिल-मेमध्ये पाच-सात दिवसांनी, दिवाळीपासून शिमग्यापर्यंत आठ-दहा दिवसांनी, आणि भर पावसाळ्यात तीन आठवड्यांनी एकदा, तेही काडी कोरडी आली तरच. पाणी सकाळी आणि मातीवर घालायचं. पानांच्या मधल्या वाटीत साचलं तर फुंकर घालून उडवा. पानं सुरकुतली, जराशी मऊ पडली तर झाड तहानलंय, पाणी दिलं की दोन दिवसांत भरतं. पानं पिवळट, काचेसारखी आरपार दिसू लागली आणि हात लागताच गळली, तर पाणी जास्त झालंय. ही दोन चिन्हं गटातल्या प्रत्येकीला ओळखता आली पाहिजेत, कारण दोन्ही वेळा पान मऊच लागतं. मऊ दिसलं की आपण पाणी घालतो, आणि जास्त पाण्यानं आजारी पडलेल्याला आणखी पाणी पाजतो.

आता या पंधरवड्याचं काम. वळवाची एखादी सर अंगावर पडली तर काही बिघडत नाही, धूळ धुऊन निघते. पण मृगाच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आधी, सगळ्या कुंड्या छपराखाली आल्या पाहिजेत. छपराखाली म्हणजे घराच्या आतल्या काळोखात नव्हे. पडवीची पूर्वेकडची किंवा दक्षिणेकडची बाजू, जिथं उजेड आहे पण पागोळ्या पडत नाहीत अशी. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून झडीसारखा आडवा येतो, त्यामुळे पडवीच्या कडेपासून दोन-तीन हात आत. कुंड्या जमिनीवर नकोत. दोन-दोन चिरे रचून वर फळी टाका, जमिनीची ओल वर चढत नाही आणि खालून वारा फिरतो. भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात भिंतीही पाझरतात. दोन कुंड्यांमध्ये चार बोटं अंतर ठेवा. झाप बांधताना एका बाजूनं वारा जायला वाट सोडा. ओल असूनही वारा असेल तर ही झाडं सहन करतात. कोंदट जागेत, प्लॅस्टिकच्या कागदाखाली गुंडाळून ठेवलेली झाडं उघड्यावरच्यांच्या आधी कुजलेली असतात.

ताटल्या काढून टाका. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी झाडालाही नको आणि आपल्यालाही नको. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास तयार होतो.

जून ते सप्टेंबर खत नाही, कुंडी बदलणं नाही, नवीन काडी लावणं नाही. खालची सुकलेली पानं तेवढी काढत जा, त्यांच्या आड बुरशी वाढते. उजेड कमी म्हणून झाडाची मान जरा लांब होईल, पानं विरळ होतील. ती लांबलेली मान पुन्हा आखूड होत नाही, पण पावसाळ्यानंतर कापून नवीन रोप करता येतं, त्यामुळे वाया काही जात नाही. गणपतीच्या दिवसांत थोडी उघडीप मिळाली की कुंड्या दोन तास सकाळच्या उन्हाला दाखवाव्या. पण पाऊस गेला म्हणून दसऱ्याला एकदम भर उन्हात नेऊ नका. चार महिने सावलीत राहिलेल्या पानांना ऑक्टोबरचं ऊन भाजतं, तपकिरी डाग पडतात आणि ते कायमचे. आठ-दहा दिवस थोडं थोडं ऊन वाढवत न्यायचं. एरवी सकाळचं तीन-चार तासांचं ऊन आणि दुपारी सावली, ही जागा बहुतेकांना मानवते.

एवढं करूनही एखादं झाड बुंध्याशी काळं आणि मऊ पडेलच. दिसल्याबरोबर ती कुंडी बाकीच्यांपासून लांब करा. विळीचं किंवा ब्लेडचं पातं उकळत्या पाण्यानं धुऊन, काळ्या भागाच्या वर कापा. कापलेल्या जागी मधोमध तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापा, आत स्वच्छ पांढरट-हिरवं दिसेपर्यंत, आणि दर कापाला पातं पुसा. मग तो शेंडा कागदावर उघडा ठेवायचा. उन्हाळ्यात तीन दिवस, पावसात आठवडा लागेल, पण जखमेवर कोरडी खपली धरली पाहिजे. चुलीजवळची फळी त्यासाठी उत्तम. काहीजणी कापलेल्या जागी हळद लावतात. लावली तर बिघडत नाही, पण झाड वाचतं ते वाळवल्यामुळे. खपली धरल्यावर कोरड्या कणीवर नुसतं टेकवून ठेवा, मुळं आली की पाणी.

किडींमध्ये पिठ्या ढेकूण हा मुख्य त्रास. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात, आणि कुंडीवर मुंग्यांची रांग लागली तर समजावं की तो कुठंतरी आहे, कारण त्याचा गोड चिकटा खायला मुंग्या येतात आणि त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर पोचवतात. इंजेक्शनच्या आधी लावतात त्या स्पिरिटात कापसाचा बोळा भिजवून पुंजके पुसून काढा, आठ दिवसांनी पुन्हा. पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन गोगलगायीही वेचाव्या लागतात. एका रात्रीत त्या कोवळं रोप चाळणी करून टाकतात.

मघाशी पानफुटी चाखू नका म्हटलं, त्याबद्दल. पानफुटी आणि तिच्या कुळातली कलांचो ही झाडं गुरांनी, शेळ्यांनी खाल्ली तर त्यांच्या हृदयावर परिणाम होतो, फुलं तर जास्तच विषारी. छाटलेल्या फांद्या गोठ्याकडे टाकू नका. दुसरं, शेराच्या घराण्यातली झाडं. पेन्सिल म्हणून कुंडीत विकतात ते आपलं शेरच आहे, आणि कुंपणाचा त्रिधारी निवडुंगही त्याच कुळातला. खरे कॅक्टस मूळचे बहुतेक सगळे अमेरिका खंडातले, फड्या निवडुंगसुद्धा तिकडूनच आलेला. शेराच्या कुळातलं झाड कापलं की पांढरा चीक येतो. तो डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. कापताना हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हाताला बांधा, तो हात चेहऱ्याला लावू नका, आणि गेलाच डोळ्यात तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्यानं धूत राहून दवाखाना गाठा. लहान मुलं असलेल्या घरी विकायला ही झाडं ठेवूच नयेत, असं माझं मत आहे.

आता रोपं वाढवण्याकडे येऊ, कारण धंदा त्यात आहे. सुरुवात दसऱ्यानंतर करायची आणि माघापर्यंत लावत राहायचं. पानापासून रोप होतं अशी झाडं – ग्रॅप्टोपेटॅलम, काही एचेव्हेरिया. खालचं भरलेलं पान धरून डावी-उजवीकडे हलवत मुळासकट सोडवायचं. टोक तुटून झाडालाच राहिलं तर ते पान उगवत नाही. सुपात सावलीला तीन-चार दिवस ठेवा. मग पसरट परडीत कणी-मातीवर नुसती मांडा, पुरू नका. दोन-तीन आठवड्यांत गुलाबी मुळं आणि मोहरीएवढं रोप दिसू लागतं. तेव्हा दोन दिवसांआड हलकं पाणी शिंपडायचं. जुनं पान सुकून जाईपर्यंत त्याला काढू नका, ते पिल्लाला दूध पाजत असतं म्हणा ना! विकण्याजोगं व्हायला चार-पाच महिने जातात. जेडची वीतभर काडी कापून, वाळवून लावली की त्याहून लवकर होतं. हॉवर्थिया, गॅस्टेरिया आणि छोट्या कोरफडी बुंध्याशी पिल्लं देतात, ती मुळांसकट वेगळी केली की झालं.

निवड करताना दिसण्यावर जाऊ नका, आपल्या हवेत काय जगतं ते बघा. हॉवर्थिया आणि गॅस्टेरिया कमी उजेड सोसतात, जेड चिवट आहे, सापाच्या कातडीसारखी नक्षी असलेलं स्नेक प्लांट तर विसरलं तरी जगतं. उलट पानांवर पांढरी पावडर असलेल्या एचेव्हेरिया थंड, कोरड्या डोंगरी हवेतल्या. पुण्याकडे त्या जशा फुलतात तशा आपल्याकडे उकाड्यात फुलत नाहीत. एखादी-दुसरी हौसेला ठेवा, गटाचे पैसे घालू नका. हिरव्या काठीवर तांबडा-पिवळा गोळा बसवलेला कॅक्टस मिळतो, तो कलम केलेला असतो. त्या तांबड्या गोळ्यात हिरवा रंगच नाही म्हणून तो स्वतःचं अन्न करू शकत नाही, खालच्या काठीवर जगतो, आणि काठी कुजली की दोन्ही जातात. रंग फासलेले आणि गोंदानं कागदी फुलं चिकटवलेले कॅक्टसही तसेच सोडून द्या.

आणि पैसे. समजा रोप ४० रुपयांना पडलं आणि गटानं शंभर आणली, तर ४००० रुपये गुंतले. पावसात निम्मी गेली तर उरलेलं प्रत्येक रोप ८० रुपयांना पडलं, वर गाडीभाडं वेगळं. शंभर रुपयांना विकलं तरी कुंडी, माती आणि कष्ट धरून हातात काय राहतं? त्याऐवजी यंदा पाच जणींनी दोन-दोन मातृरोपं घ्यावीत, जगणाऱ्या जातींचीच. खर्च ४०० रुपये, तो कर्जातून काढायची गरज नाही. पाच घरं म्हणजे पाच पडव्या, पाच प्रकारचा वारा आणि उजेड. कुठल्या घरात काय जगलं हे वहीत लिहा. कुंडी कुठं होती, पाणी कधी घातलं, काय कुजलं. पुढच्या दसऱ्याला जी जगली असतील त्यांच्यापासून पिल्लं करा. ती रोपं आपल्या पावसातून गेलेल्या झाडांची असतील, त्यांना कसं सांभाळायचं ते तुम्हाला ठाऊक असेल, आणि ती विकायला शिमग्यापासून मेपर्यंतचा हंगाम समोर असेल. पावसाळ्यात विक्री ठेवू नका. गणपतीला आलेला चाकरमानी हौसेनं घेईलही, पण गाडीत तासन् तास कोंडलेलं ओलं रोप मुंबईला पोचेपर्यंत बसतं, आणि पुढच्या वर्षी तो तुमच्याकडे फिरकत नाही. विकताना प्रत्येक कुंडीला एक चिठ्ठी अडकवा. झाडाचं नाव, उदबत्तीच्या काडीची खूण, आणि पावसाळ्यात छपराखाली ठेवा एवढं तीन ओळींत मावतं.

ज्यांच्याकडे आत्ता कुंड्या बाहेर आहेत, त्यांनी आज संध्याकाळीच एक काम करावं. प्रत्येक कुंडी उचलून तळाचं भोक बघावं. उन्हाळ्यात मुळं आणि माती बसून ते बऱ्याचदा बुजलेलं असतं. खिळ्यानं मोकळं करा, तळाशी मुंग्यांनी किंवा गांडुळांनी घर केलंय का पाहा, आणि मगच कुंडी पडवीत न्या. प्रश्न असतील तर नेहमीप्रमाणे केंद्रावर चिठ्ठी पाठवा किंवा पुढच्या बैठकीला रोपच घेऊन या, कुजलेलं असलं तरी चालेल. ते कापून आत काय झालंय ते सगळ्याजणी मिळून बघू.